चोविसावा पुठ्ठा

मला चित्रातलं काही कळत नाही. मी सुताच्या कंपनीत क्वालिटी बघते. डाग, गाठी, वजन यांत चुका काढणं हे माझं काम, आणि ती खोड घरीही सुटत नाही असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. तरीही सोनमबद्दल सांगायचं तर सुरुवात तिच्या चित्रांपासूनच करावी लागेल, कारण आमची खरी ओळख त्या चित्रांवर आलेल्या तक्रारीमुळे झाली.

सोनम एकोणीस वर्षांची. वापीजवळच्या नरोलीत आमची कंपनी, तिथे ती पॅकिंगला आहे. तिची आई मंजुळाबाई त्याच खात्यात, पण आई सकाळच्या पाळीला आणि लेक दुपारच्या. दोन वाजता पाळी बदलताना दोघींची गाठ पडते. एक खोलीची किल्ली देते, दुसरी ती घेते, आणि भाजी काय केलीय एवढं सांगून होतं तोवर सायरन वाजतो. मूळचं घर पारोळ्याकडचं. सोनम सहा वर्षांची असताना तिचा बाप, गजानन, टेम्पो घेऊन वापीला जातो म्हणून निघाला तो परतलाच नाही. भांडण नव्हतं, अपघातही नव्हता. कुणी म्हणे अंकलेश्वरला दिसला, कुणी म्हणे दमणला. मंजुळाबाईंनी दोन वर्षं शोध घेतला आणि मग त्याचं नाव घेणं बंद केलं. लेक विसरली असेल तर बरंच झालं, असं त्यांना वाटायचं.

लेक विसरली नव्हती. तिने बापाला एका कार्टूनमध्ये नेऊन ठेवलं होतं.

‘टुकटुक’ नावाची ती मालिका. टुकटुक हा छोट्या होडीतून गावोगाव फिरणारा मुलगा. पहिल्याच भागात त्याचे बाबा, कप्तान, मोठ्या जहाजावर जातात आणि नंतर मालिकावाले त्यांना साफ विसरतात. या मालिकेच्या चाहत्यांचा फोनवर एक गट आहे. तिथे सांगलीपासून नागपूरपर्यंतची पोरं टुकटुकच्या स्वतः रचलेल्या चित्रकथा टाकतात. बहुतेकांच्या कथांत मारामाऱ्या असतात. सोनमच्या कथेत टुकटुक नुसता वाट बघतो. होडीचा दोर बांधायची गाठ त्याला पक्की येते, पण तो ती मुद्दाम चुकीची मारतो, बाबा आल्यावर त्यांनी शिकवावी म्हणून. घाटावर उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, “तुमच्या जहाजात एक माणूस जास्तीचा आहे का?” हे मी नंतर वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते आलं असं सरळ सांगते.

ती ही चित्रं चहाच्या सुट्टीत काढायची, पुठ्ठ्यावर. सुताचे कोन, म्हणजे निमुळत्या नळीवर गुंडाळलेलं सूत, पेटीत भरताना दोन थरांच्या मधे पुठ्ठा घालतात. त्याची एक बाजू गुळगुळीत असते, एक खरबरीत. कोपरे दुमडलेले पुठ्ठे बाद म्हणून खांबामागे ठेवतात. सोनमने त्यातले चोवीस उचलून खरबरीत बाजूला एकेका पुठ्ठ्यावर एकेक पान, कोपऱ्यात आकडा घालून, काढायला घेतलं. तेवीस पानं झाली होती. चोविसाव्यावर कप्तान घरी येणार होता, आणि तो पुठ्ठा महिनाभर कोरा होता. सगळं पूर्ण झालं की फोटो काढून गटात टाकायचे, असं तिने ठरवलं होतं.

एका मंगळवारी सकाळी पुठ्ठ्यांची गाडी आली नाही. मंजुळाबाई हात बांधून बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी खांबामागचा गठ्ठा ओढला, एकेक कोपरा तळहाताने सरळ केला आणि नियमाप्रमाणे गुळगुळीत बाजू वर करून आठ पेट्यांत बसवला. खरबरीत बाजू उलटून बघायचं त्यांना कारणच नव्हतं. अशा रीतीने आईने लेकीची सबंध गोष्ट स्वतःच्या हाताने पॅक करून मालेगावला धाडली. दुपारी गठ्ठा दिसला नाही तेव्हा सोनमला वाटलं, भंगारवाला घेऊन गेला. ती कुणाला बोलली नाही.

शनिवारी मालेगावहून तक्रार आली. पुठ्ठ्यांवर पेनाने चित्रं आहेत, कोपरे मोडलेले आहेत, म्हणजे हा कुणाकडून तरी परत आलेला जुना माल आम्हाला नवा म्हणून दिलाय. पेट्यांवर पॅकर नंबर चौदा. चौदा म्हणजे मंजुळाबाई. त्या कंत्राटावरच्या, आणि अशा तक्रारीत कंत्राटी माणसाचा गेटपास त्याच दिवशी काढून घेतात. मी भयंकर चिडले होते. तक्रारीच्या फॉर्मवर मी त्यांचं नाव लिहूनही टाकलं आणि दुपारच्या पाळीत जाऊन सगळ्यांना फोनवरचे फोटो दाखवत विचारू लागले, हा उद्योग कुणाचा?

सोनमच्या हातातला टेपचा रोल खाली पडला.

ती मला बाजूला घेऊन गेली. “मॅडम, ये मेरा है. माझं आहे. मम्मीनी नाही केलं.”

“मग नंबर त्यांचा कसा?”

“तिनी बाद पुठ्ठे म्हणून भरले असतील ने. तिला काहीच माहीत नाही. मला काढून टाका, चालेल. पण मम्मीला ही चित्रं नका दाखवू.”

नोकरी जाण्यापेक्षा आईने चित्रं बघण्याची तिला भीती जास्त होती. मी का म्हणून विचारलं, तेव्हा तिने टुकटुकची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणाली, “ती पप्पांचं नावपण घेत नाही. मी अजून बघते वाट, हे तिला कळलं तर तिला वाटेल, एवढं करून पण मी कमी पडले.”

मी आयुष्यात पहिल्यांदा एक भरलेला फॉर्म फाडला आणि तिला घेऊन मॅनेजरकडे, हेमंत सरांकडे गेले. नाशिकचा शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आमच्यासमोरच मालेगावला फोन लावला. पुठ्ठे बादचे होते, ती आमची चूक, पण माल त्याच आठवड्यातला आहे, लॉट नंबर ताडून बघा. पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. सोनम माझा दंडच धरून उभी होती.

“लॉट बरोबर आहे,” पलीकडून आवाज आला. “माल ठेवून घेतो. पुठ्ठे दुसरे पाठवा. आणि एक सांगा. बाविसाव्यात जहाज दिसतं, तेविसाव्यात पोरगा दार उघडायला जातो. पुढचा पुठ्ठा कुठंय? आमच्या वाइंडिंगच्या बायका मघापासून विचारून राहिल्या.”

हेमंत सर हसू लागले. सोनम मात्र तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली. शिक्षा म्हणून सरांनी तिला खांबामागचं सगळं भंगार आवरायला लावलं. दोघींचे गेटपास शाबूत राहिले.

आता फक्त मंजुळाबाईंना कळू द्यायचं नव्हतं. पण आमच्या खात्यात गोष्ट लपून राहील ही अपेक्षा करणारी मीच मूर्ख. गुरुवारी मालेगावच्या गाडीतून पुठ्ठे परत आले ते नेमके दीड वाजता, सकाळच्या पाळीत, आणि उतरवून घेतले मंजुळाबाईंनी. मी पोचले तेव्हा त्यांनी तेवीसच्या तेवीस जमिनीवर ओळीने मांडले होते आणि त्यांच्यामधून पाय जपत चालत एकेक बघत होत्या. सोनम दोन वाजता आत आली आणि दारातच थबकली.

मंजुळाबाईंनी वर पाहिलं नाही. “ह्या माणसाचं डोकं कुठंय?” त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कप्तान बहुतेक पानांवर होता, टुकटुकच्या आठवणीत, स्वप्नात. पण कुठे नुसते बूट, कुठे कमरेचा पट्टा, कुठे पाठ. छातीच्या वर दर वेळी पुठ्ठाच संपायचा.

“मावतच नाही,” सोनम हळूच म्हणाली. “एवढे उंच होते ते. मला वर बघून मान दुखायची.”

मंजुळाबाई बघतच राहिल्या लेकीकडे. मग त्यांना हसू फुटलं. मी चार वर्षांत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

“उंच? तुझा बाप? अगं, तू एवढीशी व्हती म्हणून. त्याला देव्हाऱ्यावरचा डबा काढायला पाट लागे.” त्या चार पेट्यांच्या थप्पीजवळ गेल्या. “इथं मागं उभा राहिला असता ना, तर दिसला नसता. ये, तू उभी राहा बरं.”

सोनम थप्पीमागे जाऊन उभी राहिली. पेट्यांवरून तिचे डोळे दिसत होते, नाक दिसत होतं, हनुवटीसुद्धा दिसत होती.

“बघ,” मंजुळाबाई म्हणाल्या. “आन मी समजू राहिली, तू इसरली. मला विचारायचं ना. मीच तर एक होते तुला सांगायला.”

“तुला त्रास झाला असता.”

“नाव न घेऊन काय कमी त्रास झाला मला?”

सायरन वाजला. त्या दिवशी भाजीचं कुणी बोललं नाही. मंजुळाबाई घरी न जाता खांबाजवळ बसून राहिल्या, आणि चहाच्या सुट्टीपर्यंत गजाननबद्दल सांगत राहिल्या. तो चहात गूळ घालायचा, टेम्पोला नावं ठेवायचा, घाबरट होता, गाणं बरं म्हणायचा. सोनम पेट्या भरता भरता ऐकत होती. मधेच दोघी हसायच्या. मला तिथे काही काम नव्हतं, तरी मी वजनकाट्याशी उगाच रेंगाळत होते आणि मला फार हलकं वाटत होतं.

चोविसावं पान तिने नव्या पुठ्ठ्यावर काढलं. तो पुठ्ठा मीच दिला, चांगला, कोपरे न दुमडलेला, आणि माझ्या सहीने बाद दाखवला. त्याचा फोटो आधी मालेगावला गेला, मग गटात. टुकटुक दार उघडतो. बाहेर कप्तान उभा आहे, डोक्यापासून बुटांपर्यंत अख्खा, आणि वर हातभर आभाळ शिल्लक आहे. वाट बघता बघता टुकटुक मोठा झालाय; कप्तान त्याच्या खांद्याला लागतो. खाली एकच वाक्य आहे, टुकटुकचं:

“बाबा, आत या. दारातून वाकून यायची तुम्हाला गरज नाही.”