खाणीतला सिग्नल

हवालदार दत्ता मोरे माझ्या हाताखाली आला तेव्हा आमची तुकडी काश्मीरमधल्या एका उंच ठाण्यावर होती. मी सिग्नल्समध्ये नायब सुभेदार. आमचं काम ऐकण्याचं. पलीकडच्या डोंगरात कुणी वायरलेस सेट चालू केला की तो कुठे आहे ते शोधायचं. दोन ठिकाणांहून त्याची दिशा घ्यायची, म्हणजे बेअरिंग, आणि नकाशावर दोन रेघा ओढायच्या. रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे माणूस असतो. ती जागा आम्ही वर कळवायचो. पुढचं काम तोफखान्याचं. थोड्या वेळाने तो सेट बंद पडायचा. मोरे हेडफोन काढून ठेवायचा आणि स्टोव्ह पेटवून चहा टाकायचा. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

निवृत्त झाल्यावर मी हैदराबादला परतलो. माझे वडील नांदेडहून इथे रेल्वेत नोकरीला आले, आम्ही गौलीगुड्यात वाढलो. मोरे मूळचा परभणीकडचा, शेतकरी घरातला. त्याच्या भावाचं अफझलगंजला धान्याचं दुकान होतं, म्हणून तोही इथेच आला आणि विद्यानगरात माझ्या मागच्या गल्लीत घर घेतलं. भावाच्या दुकानात त्याचं मन लागेना. मग आम्ही दोघांनी हौशी रेडिओचा, म्हणजे हौस म्हणून वायरलेस चालवण्याचा, परवाना काढला.

शहरात अशा हौशी लोकांचा एक गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी ते गाड्या घेऊन खेळतात. एक जण आधी जाऊन शहराबाहेर ट्रान्समीटर लपवतो आणि तिथेच थांबतो. त्याला कोल्हा म्हणतात. ट्रान्समीटर आपोआप टूं-टूं करत राहतो. बाकीच्यांनी गाडीतून अँटेना फिरवत, बेअरिंग घेत त्याला शोधायचं. जो पहिला पोचेल त्याने ट्रान्समीटर बंद करून सोबत घ्यायचा आणि रेडिओवर जाहीर करायचं. मग सगळे ठरलेल्या ढाब्यावर जेवायला जमतात. बोलण्यासाठी प्रत्येकाजवळ हातातला छोटा सेट असतो. कोल्ह्याने त्यावरून थापा मारायच्या, हेही खेळात बसतं. मोरे कोल्हा झाला की लोकांना मजा यायची. एकदा त्याने बॅटरी संपली, मी घरी चाललो, असं सांगून सगळ्यांना परत फिरवलं होतं.

त्या रविवारी कोल्हा मोरेच होता. आदल्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता. जागा सांगणार नाही म्हणाला, पण या वेळी तुम्हाला पण घाम फोडतो साहेब, एवढं बोलून गेला.

सकाळी आम्ही पाच गाड्या निघालो. माझी गाडी माझी मुलगी स्नेहल चालवत होती. ती बँकेत आहे. मी खिडकीतून अँटेना धरून बसलो होतो. पहिलं बेअरिंग शहरातच मिळालं, उत्तरेकडचं. मी नकाशावर रेघ ओढली. शहराबाहेर शामीरपेटच्या अलीकडे आलो तेव्हा सेटवर मोरेचा आवाज आला. आधी तो हिंदीत बोलला. पडलोय, पाय दगडाखाली अडकलाय, खेळ थांबवा. कुणीतरी हसलं. दुसरा कुणी म्हणाला की उस्तादची ॲक्टिंग या वेळी फार भारी आहे.

मग तो मराठीत बोलला. त्या गटात मराठी फक्त आम्हा दोघांना येत होतं.

"साहेब, खरं आहे. रक्त थांबत नाही. ओव्हर."

मी जागा विचारली. उत्तरात फक्त खाण हा शब्द कळला, बाकी खरखर. त्या भागात बंद पडलेल्या ग्रॅनाइटच्या खाणी कितीतरी आहेत. फोन लावला तर त्याच्या फोनला रेंज नव्हती. मी सगळ्यांना सांगितलं की हा खरा अपघात आहे, खेळ बंद करा. आणि तेवढ्यात ट्रान्समीटरचं टूं-टूं थांबलं.

किरणचा आवाज आला. किरण म्हणजे सॉफ्टवेअर कंपनीतला मॅनेजर, मोठी गाडी, महागडी अँटेना. कोल्हा सापडला, मी पहिला, असं त्याने जाहीर केलं. मी विचारलं, ट्रान्समीटर कुठे सापडला?

"ढूंढो न साब. फौजी हैं आप," किरण म्हणाला. "बिर्याणी ठंडी हो रई."

मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तो म्हणाला की जागा सांगणं नियमात बसत नाही, आणि हरल्यावर एवढं मनाला लावून घेऊ नये. त्यानंतर तो गाडी चालवत निघाला असावा, कारण मागे गाणं ऐकू येत होतं.

मी मोरेला हाक मारली.

"मोरे, बोलू नकोस. नुसतं बटण दाबून धर."

माणूस बोलला नाही तरी बटण दाबल्यावर सिग्नल निघतो. बेअरिंगला तेवढा पुरतो. पण खाणीच्या तळातून येणारा तो सिग्नल अगदी क्षीण होता, आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर किरणचं अभिनंदन चाललं होतं. एक थांबला की दुसरा सुरू व्हायचा. जेवणाची ऑर्डर काय द्यायची ते विचारून झालं. मी दोनदा सांगितलं, फ्रिक्वेन्सी मोकळी करा. सुभेदार साबला राग आला, असं कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला.

स्नेहल म्हणाली, "पप्पा, हे लोक असे का करायलेत?"

मी तिला गाडी कडेला घ्यायला सांगितलं. इंजिन बंद केलं. एक थांबून दुसरा सुरू होईपर्यंतच्या फटीत सेटवरची सिग्नलची सुई एकदाच हलली. मी दिशा घेतली आणि दुसरी रेघ ओढली. ती पहिल्या रेघेला जिथे कापत होती तिथे नकाशावर एक खाण होती.

खाणीच्या काठावर ट्रान्समीटरच्या तिपाईचे ओरखडे होते. मोठ्या गाडीच्या टायरचे ठसे होते. तिथून खाली पाहिलं की मोरे सरळ दिसत नव्हता, एक कडा आड येत होता. पण हाक नक्की ऐकू गेली असती. आमची त्याला ऐकू गेली.

मी खाली उतरलो. स्नेहल रेंज शोधत रस्त्याकडे धावली, तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला. अँटेना उंच बांधायला म्हणून मोरे कड्यावर चढला होता आणि पायाखालचा दगड त्याच्यासकट खाली आला होता. मांडी चेचली होती. त्याने स्वतःच कमरेचा पट्टा काढून जखमेच्या वर आवळला होता, पण हातात जोर राहिला नव्हता. मी पट्टा घट्ट केला आणि त्याला पाणी पाजलं. तो शुद्धीवर होता.

"वर कुणीतरी आलं होतं साहेब," तो म्हणाला. "मी ओरडलो. ते हसले."

मी त्याला कमी बोल म्हणालो.

"जिंकलं कोण?"

मी सांगितलं. ॲम्ब्युलन्स येण्याआधी तो गेला. त्या वेळी माझा हात पट्ट्यावरच होता.

पुढे गटाची शोकसभा झाली. किरणला मी सगळ्यांसमोर विचारलं. हो, खालून आवाज आला होता, तो म्हणाला. त्याला ती युक्ती वाटली. त्याने वरून ओरडून सांगितलंही होतं की खेळ संपला, आता वर या.

"मेरेकु क्या मालूम अंकल," तो म्हणाला, आणि खरोखरच मला समजावत असल्यासारखं त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नंतर सर्वानुमते दोन मिनिटं शांतता पाळली गेली. त्या रविवारचा निकाल बदलायचं कारण नाही, हेही सर्वानुमतेच ठरलं. विजेत्याची ढाल किरणने घरी नेली.

तेरावं झाल्यावर एका दुपारी मोरेची बायको, कमलवहिनी, माझ्याकडे आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ह्यांची हाक कुणी ऐकली होती का?"

"ऐकली होती."

"कुणी?"

"सगळ्यांनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या. आत या म्हणालो, पण थांबल्या नाहीत. आता त्या परभणीला गावाकडच्या दिराच्या शेतावर असतात. मोरेचा सेट त्यांनी कुणाला दिला नाही आणि विकलाही नाही. फोडून टाकला असं त्यांच्या पुतण्याने सांगितलं.

आमच्या युनिटच्या माजी सैनिकांचा मेळावा वर्षातून एकदा भरतो. जेवणाआधी सगळे सावधान उभे राहतात आणि गेलेल्यांची नावं घेतली जातात. फक्त कामगिरीवर पडलेल्यांची, असा रिवाज आहे. यंदा शेवटचं नाव झाल्यावर सुभेदार मेजर साहेब विश्राम म्हणणार, तेवढ्यात मी एक पाऊल पुढे आलो.

"हवालदार दत्ता मोरे."

रांगेत थोडी चुळबूळ झाली. मागून एका जवानाने विचारलं, कुठे पडला?

"हैदराबादला," मी म्हणालो.