भट्टीच्या दाराची दोरी

त्या रमजानात आमचा सगळा संसार एका दोरीवर अडला होता. बोटभर जाडीची, पांढरी, भट्टीच्या लोखंडी दाराला आतल्या बाजूने चौफेर बसवतात ती दोरी. दार लावलं की ती दबते आणि धग आत राहते. झिजली की धग फटीतून बाहेर येते, खोली तापते आणि भट्टी थंड पडते. एवढं साधं गणित, पण ते कळेपर्यंत मी शेजारणींचा किती मैदा आणि किती तूप वाया घालवलं ते आठवलं की आजही मान खाली जाते.

पोलादपूरला महामार्गापासून जरा आत आमची बेकरी. त्याआधी हे ट्रक चालवायचे. महाडला माल भरायचा, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठायचं, तिथून पुढे वाई-सातारा. एका पावसाळ्यात घाटात वरून दगड आला, समोरची काच फुटली आणि यांच्या डाव्या डोळ्यात गेली. डोळा राहिला, नजर गेली. उजव्याने दिसायचं, पण अंतर कळायचं नाही. पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे करायचे तो चार बोटं अलीकडेच मिटायचा. मग कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघायचे. मी बघितलेलं असायचंच, पण मी भांडी घासत असल्यासारखं करायची.

चिपळूणला एक हॉटेल बंद पडलं, तिथली जुनी भट्टी आम्ही आणली. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर चालायची. पाव, बटर, टोस्ट कसेबसे निघायचे. पण बेकरीवाल्याची खरी परीक्षा ईदच्या आधीचे आठ दिवस. आमच्या मोहल्ल्यात नानखटाई कुणी विकत घेत नाही. प्रत्येक घरची बाई आपलं पीठ, आपलं तूप, आपली साखर घरी मळते आणि फक्त भाजायला बेकरीत आणते. सगळ्यांचे ट्रे एकाच भट्टीत जाणार, म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. कुणाची चारोळी, कुणाचा काट्याचा ठसा, आमच्या पलीकडच्या खालाचा, सगळ्या मोहल्ल्याच्या त्या मावशीचा, बाटलीच्या बुचाचा गोल. तोवर सगळ्या जणी एसटीने महाडला जाऊन तिथल्या जुन्या बेकरीत भाजून आणायच्या. त्या वर्षी खाला म्हणाली की आपल्या पोराची भट्टी असताना महाडला कशाला जायचं. खालाने म्हटलं म्हणजे मोहल्ल्याने म्हटलं.

मी खूश व्हायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात हे महाडहून एक चिठ्ठी घेऊन आले. एका गाडीमालकाचा फोन नंबर होता. त्याला घाटाच्या फेरीला ड्रायव्हर हवा होता आणि डोळ्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठी फळीवर खिळ्याला अडकवून हे म्हणाले, "ही ईद बघायची. भट्टी चालली तर चालली. नाय तर मी गाडीवर जातो."

ज्या माणसाला हातभर अंतरावरचा पेला सापडत नाही, तो धुक्यात समोरून येणारी एसटी कशी जोखणार? मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. शेवटी माझ्या हातात एकच गोष्ट उरली, ती म्हणजे भट्टी.

आणि भट्टीची दोरी तर पार झिजून काळी पडली होती, जागोजागी सुटली होती. महाडच्या एमआयडीसीत बॉयलरचं काम करणारा एक ओळखीचा माणूस होता, त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो. त्याने नवी दोरी मोजून दिली, चिकटवायचं सोल्युशन दिलं आणि दोनदा बजावलं की दोरी ताणू नका, खाचेत निवांत बसू द्या. दार लावून मध्ये कागद धरा. कागद सहज ओढून निघाला तर फट आहे असं समजा. मी ऐकत होते. हे बाहेर बघत होते. वाटेत एसटीत म्हणाले, दोरीचं मला शिकवतो!

घरी येऊन दार बिजागरीतून काढलं, अंगणात आडवं टाकलं. जुना चिकटा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला, पॉलिश पेपर मारला, सोल्युशन लावलं आणि हे दोरी बसवायला लागले. काय सफाई होती हातात! एक पाय दारावर रोवलेला, दोरी मुठीत, झटका देऊन कोपऱ्यात दाबायची, पुन्हा झटका. चारी बाजू झाल्यावर हातभर दोरी उरलीसुद्धा. ती यांनी कापून ट्रे ओढायच्या आकड्याच्या मुठीला गुंडाळली, हात भाजू नये म्हणून. मीच कौतुकाने बघत राहिले. माझंच डोकं तेव्हा कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सात घरांचे ट्रे आले. दार लावलं आणि मी समोर बसून राहिले. रोजा होता, घसा सुकलेला, आणि दारातून धग सरळ तोंडावर येत होती. नवी दोरी असताना एवढी धग बाहेर कशी येते हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. हे कांड्या घालत गेले, जाळ वाढवत गेले. ट्रे काढले तेव्हा मागची रांग कोळसा आणि पुढची पांढरी फटक, बोट लावलं तर खचत होती. खालाच्या ट्रेमध्ये बुचाचे गोल अर्धे करपलेले आणि अर्धे कच्चे.

खालाने एक नानखटाई उचलली, बघितली, परत ठेवली. "चालंल गो," ती म्हणाली, "घरातच खायाच्या हायत."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिची नानखटाई घरात खायची कधीच नसायची. ती मुंबईला लेकीकडे जायची, दुबईला जाणाऱ्याच्या बॅगेतून लेकाकडे जायची. तिसऱ्या दिवशी एकही ट्रे आला नाही. दुपारी खिडकीतून बघितलं तर दोन बायका डोक्यावर डबे घेऊन एसटी स्टँडकडे चालल्या होत्या. यांनीही बघितलं. हे मैद्याची रिकामी पोती गोळा करून बांधायला बसले.

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. सुतळीचा वेढा, झटका. वेढा, झटका. वीस वर्षं ट्रकवर ताडपत्री बांधलेले हात. दोरी हातात आली की ती ताणायचीच, एवढंच त्यांना ठाऊक. आणि मला एकदम बॉयलरवाला आठवला. मी उठून भट्टीच्या दाराशी गेले. ताणून बसवलेली दोरी सुतासारखी बारीक झाली होती. कोपऱ्यात ती खाच सोडून तिरकी धावत होती, आणि खाली जिथे दोन टोकं जुळवली होती तिथे आखडून चार बोटांची फट पडली होती.

सांगायचं कसं? डोळा गेल्यापासून या माणसाकडे अभिमानाने सांगण्यासारखं एवढंच उरलं होतं, की आपण बांधलेला माल घाटात कधी हलला नाही. तेच चुकलं म्हणून सांगायचं. मला खूप भीती वाटली, त्यांच्या रागाची नाही, त्यांचा चेहरा पडेल त्याची. पण खिळ्याला ती चिठ्ठी लटकत होती.

"तुम्ही दोरी ताणलीत," मी म्हटलं.

हे भडकलेच. वीस वर्षांत एक पोतं पडलं नाही, आणि आता बायको शिकवणार का, वगैरे सगळं झालं. मी नुसतं त्यांचं बोट धरून खालच्या फटीवर नेऊन ठेवलं. डोळ्याने अंतर कळत नव्हतं, बोटाला कळलं. ते बराच वेळ बोट तिथून काढेनात. मग स्वतःच बिजागरीचे खिळे काढायला लागले.

दोरी ताणात असल्याने सोल्युशनने नीट पकडलंच नव्हतं, ती अख्खी निघाली. पाण्याचा हात लावून ती मोकळी केली, पुन्हा फुगू दिली. पण आता ती हातभर कमी पडणार होती. मी आकड्याच्या मुठीला गुंडाळलेला तुकडा सोडवून आणला. खाचेत पुन्हा सोल्युशन लावून हे बसवायला लागले आणि पहिल्याच कोपऱ्यावर हाताने झटका दिला. मी म्हटलं, ओढू नका. दुसऱ्या कोपऱ्यावर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दोरी खाली ठेवली, हात मांडीवर पालथे टाकले.

"हात ऐकत नाय गो," ते म्हणाले.

मग मी दोरी माझ्या ओटीत घेतली आणि समोर बसले. ते बसवतील तशी मी ती त्यांच्याकडे ढकलत गेले. त्यांनी ओढायच्या आधीच पुढची दोरी त्यांच्या बोटांत जायची, म्हणजे ओढायला काही उरायचं नाही. असं करत चारी बाजू झाल्या. तुकडा खाली जोडला, टोकाला टोक भिडलं. दार चढवलं आणि तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजापर्यंत बंद ठेवलं.

कागद धरून बघायची वेळ आली तेव्हा घरात कागद नव्हता असं नाही. पण मी खिळ्यावरची चिठ्ठी काढली, दारात धरली आणि दार लावलं. हे माझ्याकडे बघत राहिले.

"ओढा," मी म्हटलं. "आता पाहिजे तेवढं ओढा."

त्यांनी ओढली. चिठ्ठी निघाली नाही, फाटली. अर्धा नंबर त्यांच्या हातात आला, अर्धा दारात अडकला. मी रडायलाच लागले. त्यांनी तो तुकडा खिशात ठेवला आणि कांड्यांचं पोतं ओढत म्हणाले, "नंबर पाठ हाय मला."

दुसऱ्या दिवशी मी खालाच्या दारात जाऊन उभी राहिले आणि एका ट्रेचं पीठ मागितलं. तिने दिलं. पुढची रांग आणि मागची रांग एका रंगाची निघाली. ईदला तीन दिवस होते, त्या तीन दिवसांत मोहल्ला परत आला. हे गाडीवर गेले नाहीत.

पण त्या दिवसानंतर मी निर्धास्त अशी कधी झाले नाही. दर रमजानच्या आधी दोरी बदलायची, मी ढकलायची आणि त्यांनी बसवायची. मध्येच ट्रेमधली एखादी नानखटाई फिकट निघाली की माझा हात आधी दाराकडे जायचा आणि मग डोळे यांच्याकडे. आता त्यांच्या उजव्या डोळ्यालाही दिसत नाही, पेला हातातच द्यावा लागतो. परवा सहज विचारलं, तो नंबर आठवतो का. एका दमात सगळे आकडे म्हणून दाखवले.