शोभाचा घाम थांबला तेव्हा

शोभाचा घाम थांबला होता. गच्चीवर आम्ही कुरडया घालत होतो, सगळ्यांच्या पाठी ओल्याचिंब – आणि तिचा चेहरा कोरडा, लालभडक. हातातला सोऱ्या खाली ठेवून ती म्हणाली, "बाई, मले कसंतरी होऊन राहिलं. खाली जातो."

मी म्हटलं, "बस वं. एवढं पातेलं होऊ दे. तुलेच मोठं ऊन लागते?"

बायका हसल्या. ती ओशाळली आणि परत बसली.

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. त्या बायकांना ठाऊक नव्हतं, भर उन्हात घाम थांबला म्हणजे काय. मला होतं. रामटेकजवळच्या आमच्या गावी माझा बाप असाच गेला, मी जवळ होते. मग मी तिला का बसवलं?

शोभा माझी धाकटी जाऊ. हुडकेश्वरच्या घरात आम्ही खाली, ते वर. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं एकमेकींच्या कुरडया करून देतात. मी प्रत्येक घरी जायचे. कुरडयाच कशाला – बाळंतपण, मयत, दवाखान्यातला डबा, हाक आली की चप्पल घातली. डॉक्टरनं गुडघ्यांना आराम सांगितला होता, तो कधी दिला नाही. शोभा मात्र तोंडावर सांगायची, "ऊन चढल्यावर मी गच्चीवर बसत नाही. खाली पापड लाटून देतो." आणि तिच्यावर कुणी रागवायचं नाही. उलट तिच्या पापडांचं कौतुक. माझ्याबद्दल काय म्हणत? "मोठ्या बाईले सांगा, त्या येतातच."

तुम्हाला वाटेल, मी दमले होते. दमले होतेच. पण कारण ते नाही. मी जळत होते तिच्यावर – तिच्या ताठ पाठीवर, दुपारच्या झोपेवर, आणि सगळ्यात जास्त, सहज नाही म्हणण्यावर. मला ते जमलं नाही. लोकांनी बोलावणं बंद केलं तर माझ्याकडे काय उरणार – ही भीती होती. त्या भीतीलाच मी मदत असं नाव दिलं होतं.

त्या दिवशी कुरडया आमच्याच घरच्या होत्या. चीक शिजायला उशीर झाला, ऊन डोक्यावर आलं. शोभाला वर मीच आणलं, सगळ्यांसमोर टोमणा मारून – "जीव काय तुलेच हाये? आमाले नाही?"

ती परत बसली, तेव्हापासून मी तिच्याकडे बघत होते. तिची कुरडई वेडीवाकडी पडत होती. मला बरं वाटत होतं – हो, बरं वाटत होतं. चीक संपत आला आणि ती बाजूला कलंडली.

मग मात्र मी धावले. पाणी ओतलं, ओल्या लुगड्यात गुंडाळलं, ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. सगळं बरोबर केलं. मला ते आधीपासून येतच होतं.

मोठ्या बाईनं वाचवलं, असं गल्ली म्हणते. शोभाही म्हणते. गच्चीवरचं तिला काही आठवत नाही.

ऊन शोभाला लागलं. ती जगली. आता भिंत धरून चालते, आणि बोलताना तिची जीभ अडते.