गोदूताईंची जोडी

कचेरीच्या कामासाठी येणारी माणसे हात जोडून येतात, हे मी माझ्या अर्जनविशीच्या सबंध काळात पाहत आलो. गोदूताई मात्र दोन्ही काखांत व्यायामात फिरवायचा एकेक लाकडी मुद्गल धरून आल्या. मुरूडला कचेरीबाहेर पिंपळाच्या पारावर माझे उतरते मेज मांडलेले असे. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वाऱ्याशी माझा नित्याचा तंटा. बाईंनी क्षणभर माझी धांदल पाहिली, एक मुद्गल माझ्या कागदांवर उभा ठेवला आणि म्हणाल्या, "वारा आहे. आता सावकाश लिहा."

त्या मुलींच्या शाळेत देशावरून नव्याने आलेल्या मास्तरीण होत्या. वय चाळिशीच्या आसपास, अंगलट सडसडीत, नऊवारीचा काचा घट्ट आणि मान कोणापुढेही न वाकणारी. शाळेमागच्या पडीक जागेत मुलींना व्यायाम शिकविण्याची परवानगी त्यांना हवी होती. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे असले तरी भाषेच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेतलेला नाही. "स्त्रीजातीचे बलसंवर्धन व्हावे एतदर्थ" अशी सुरुवात करून मी ती त्यांना वाचून दाखविली.

"बल राहू द्या," त्या म्हणाल्या, "संवर्धन खोडा."

"बाई, संवर्धनावाचून वाक्याला वजन येत नाही."

"वजनच नकोय. इथल्या आयांना वाढीचीच धास्ती आहे. मुलीचे दंड पैलवानासारखे झाले तर तिला करून कोण घेणार, असं मला तोंडावर विचारतात. तुम्ही लिहा, अंग फुगवायचं नाही, अंग जागं करायचं आहे."

हे वाक्य अर्जाच्या रीतीस सोडून होते. तरीही मी ते जसेच्या तसे लिहिले, आणि परवानगी मिळाली. ती माझ्या मांडणीमुळे मिळाली, असे माझे मत आजही कायम आहे.

गोदूताईंची तालीम पाहण्यासारखी असे. सुरुवातीला त्या मुलींच्या दोन्ही हातांत सोललेले नारळ देत आणि हात खांद्याच्या रेषेत ताणून धरायला लावीत. ते सोसू लागले की असोले, म्हणजे सोडणासकटचे जड नारळ येत. मुद्गलाला हात लावायची पाळी त्यानंतर. पोटासाठी मुलींनी कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग तोलून होडीच्या फळीसारखे सरळ राहायचे. एखादीची कंबर खाली लोंबली की बाई म्हणत, "फळीत पाणी शिरलं गं, बुडशील." स्वतः त्या विहिरीवरून येताना दोन्ही हातांत सारख्याच कळश्या आणीत. एका हाताला काम आणि दुसऱ्याला आराम हा त्यांच्या मते अन्याय होता.

माझी मुलगी इंदू त्या तालमीत पहिल्या दिवसापासून गेली. ज्या अर्जावर माझे अक्षर, त्याच्या विरुद्ध माझ्याच घरात कसे वागावे, हा प्रश्न होता. पोर अंगाने गुबगुबीत पण हाताने अगदी दुबळी. भरली कळशी उंबऱ्यापर्यंत आणताना निम्मी करी. माझ्या पत्नीस मात्र ही तालीम पहिल्यापासून रुचली नाही, आणि इंदूचे लग्न दिवेआगरला ठरल्यावर तर तिच्या तोंडचे पाणी पळाले.

त्याचे कारण होते वाकी. त्या घरी थोरल्या सुनेने दंडात घालायची सोन्याची वाकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. सुपारी फुटली त्या दिवशी विहीणबाईंनी ती इंदूच्या दंडात चढवून पाहिली. ती बेताची बसली. मग ती उजळून ठेवण्यासाठी आमच्या स्वाधीन करताना त्या म्हणाल्या, "लग्नात हीच घालायची. आमच्या घरात ही वाकी कुणी वाढवत नाही नि कुणी कमी करत नाही. दंडानं वाकीला साजेसं राहावं."

ते गेल्याबरोबर पत्नीने गोदूताईंना बोलावून घेतले. "उद्यापासून इंदू येणार नाही. पोरीच्या दंडाचे खांब झाले, तर वाकी कोपराशीच अडकेल."

"खांब व्हायला खुराक लागतो, वहिनी," गोदूताई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या ताटात भात, मासळी नि कुळथाचं पिठलं. तेवढ्यानं पैलवान झाले असते, तर अर्धं मुरूड लंगोट लावून फिरलं असतं. दंड भरीव होईल, जाड नाही होणार."

"आणि झाला तर?"

"वाकी चढली नाही, तर ही मुद्गलांची जोडी खाडीत टाकीन आणि शाळेत नुसतं भरतकाम शिकवीन."

एवढ्या बोलीवर इंदूची तालीम चालू राहिली. पण पत्नीचे मन स्वस्थ नव्हते. मला न सांगता तिने ती वाकी सोनाराकडे नेली आणि थोडी वाढवून घेतली. सोनार म्हणालाही होता, "वयनी, यात आदीचा एक जोड दिसतो हाय." तिने लक्ष दिले नाही. हे सारे मला मागाहून कळले.

लग्नाला थोडे दिवस उरले असता विहीणबाई केळवणासाठी आल्या. सोबत त्यांच्या वृद्ध चुलतसासूबाई होत्या, वजनाने चिमणीएवढ्या. जेवणे झाली, आणि विहीणबाई म्हणाल्या, "वाकी घाला बघू." इंदूने वाकी चढविली, हात खाली सोडला, आणि वाकी घसरत कोपरावर येऊन थांबली. तिने ती वर सारली. ती पुन्हा खाली आली.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "मुलगी खंगली," त्या म्हणाल्या. "सुपारीला हीच वाकी अंगासरशी बसली होती. दुखणं झालं होतं का? खोकला वगैरे?"

"काही नाही हो, धडधाकट आहे," मी म्हणालो.

"धडधाकट पोरीचा दंड महिन्या-दोन महिन्यांत आटत नाही. दुखणं झाकून मुलगी देता होय?"

पत्नीने काही सांगावे तर त्यांच्या घराची रीत मोडल्याचे कबूल करावे लागणार, म्हणून तिने पदर तोंडाशी धरला. विहीणबाई उठल्या. घरी जाऊन विचार करते आणि निरोप धाडते, असे म्हणाल्या. अशा निरोपाचा अर्थ कोणत्याही मुलीच्या बापास समजतो.

त्यांना पोहोचवायला म्हणून आम्ही सारे आगरदांड्याच्या धक्क्यावर गेलो; दिवेआगरला जायचे तर तिथून खाडी ओलांडून दिघीला उतरावे लागे. इंदूकडून कळताच गोदूताईही आल्या, काखेत जोडी घेऊन. वाटेत मी त्यांना हळूच विचारले की हे ओझे आज कशाला. "शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "लग्न मोडलं तर खाडी जवळ असलेली बरी."

ओहोटी पुरी लागली होती. दिघीची होडी धक्क्यापासून दूर राहिली होती आणि मधे फळी टाकलेली होती. चुलतसासूबाई तिच्यावरून सहज जाऊन होडीत माळ ओढीत बसल्या. विहीणबाई मात्र देहाने भारदस्त. त्यांनी अर्धी वाट काढली तोच फळी निसटली. त्यांचे पाय गुडघ्यांच्या वर चिखलात रुतले आणि हात तेवढे होडीच्या काठाला राहिले.

तांडेल हसनमियाँ वल्ह्याने होडी रोखून धरीत म्हणाला, "बाय, हलू नका. जितक्या हलाल तितक्या खाली जाल."

"अरे, मग ओढ ना वर."

"वल्हं सोडलं तर होडी तुमच्या अंगावर येल. नि परक्या बायमानसाला मी हात कसा लावू? सायेबांना सांगा."

साहेब म्हणजे मी. व्याह्याने विहिणीस हाताला धरून ओढावे, असा आचार आमच्याकडे नाही. मी तोंडाने धीर देत राहिलो. तोवर इंदू पदर खोचून चिखलातूनच होडीपर्यंत गेली आणि काठावर हात रोवून आत चढली.

"इंदू, पाठीनं ओढू नकोस," गोदूताई धक्क्यावरून म्हणाल्या. त्यांचा आवाज तालमीत असे तसाच होता. "गुडघे टेक. पोट आवळ. पोट धरलं की मग हात."

इंदूने सासूचा हात मनगटाशी धरला आणि त्यांनी तिचा दंड पकडला. चिखलाने एक मोठा आवाज केला. विहीणबाई प्रथम काठावर आणि मग अख्ख्या होडीत आल्या. त्यांचे एक जोडवे खाडीने ठेवून घेतले.

श्वास बसला तरी त्यांनी इंदूचा दंड सोडला नव्हता. त्यांनी तो एकदा दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला. "हा दंड आजाऱ्याचा नव्हे," त्या म्हणाल्या. "मग वाकी ढिली कशी?"

पत्नी धक्क्यावरूनच म्हणाली, "मी वाढवून घेतली, विहीणबाई. मला वाटलं, दंड जाड होईल. तो तर उलट आवळला."

 मग विहीणबाईंनी होडीतल्या चुलतसासूबाईंकडे चोरून पाहिले आणि आवाज खाली आणला. "सोनाराला आधीचा जोड दिसला असेल की हो. तो माझा. पहिल्या बाळंतपणानंतर चढेना, तेव्हा सासूबाईंच्या नकळत वाढवली होती."

"नकळत कसली," माळ न थांबवता चुलतसासूबाई म्हणाल्या. "सगळ्या गावाला ठाऊक हाय."

हसनमियाँ इतका हसला की होडी हलली. विहीणबाईही हसल्या. "दोन्ही जोड काढून टाका," त्या पत्नीला म्हणाल्या. "मुळात होती तेवढी करा. लग्नाला तीच चढवू." आणि धक्क्याकडे वळून गोदूताईंना म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आमच्याकडच्या पोरींना कोण शिकवील हो? फळीवरून धड चालता येत नाही आमच्या गावात कुणाला."

लग्न ठरल्या दिवशी लागले. दोन-तीन वर्षांनी गोदूताईंनी खरेच दिवेआगरच्या शाळेत बदली मागितली. तो अर्ज मीच लिहिला, आणि आयुष्यात प्रथमच असा लिहिला की तो फेटाळला जावा असे मनातून वाटत होते. तो मंजूर झाला. निघताना त्या पारावर आल्या, जोडीतला एक मुद्गल माझ्या कागदांवर ठेवला आणि माझ्या मेजाला टेकलेल्या पोटाकडे पाहून म्हणाल्या, "अर्जनवीस, याला कामाला लावा. दुसरा हवा असला तर दिवेआगरला या. मात्र दिघीपासून चालत."

मी रोज पहाटे तो मुद्गल हात बदलून फिरवू लागलो. पोट नाहीसे झाले असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. तथापि ते आता मेजापासून अदबीने अंतर राखून असते. दुसरा आणायला मात्र मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असे चालले होते.

गेल्या थंडीत गोदूताई वारल्या. आदल्या संध्याकाळपर्यंत पोरींकडून नारळ धरवून घेत होत्या, असे कळले. त्यानंतर इंदू माहेरपणाला आली, तेव्हा मी तिला आणायला आगरदांड्याला गेलो. ओहोटी होती आणि फळी टाकलेली होती. माझी मुलगी फळीवरून आली ती उजवा हात खांद्याच्या रेषेत ताणून, मुठीत गोदूताईंचा दुसरा मुद्गल धरून. त्याच दंडात वाकी होती आणि ती तसूभरही घसरली नाही. हसनमियाँने हात पुढे केला, मीही केला. तिने कोणाच्याच हाती मुद्गल दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पारावर आली आणि तिने तो माझ्या मेजावर, पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"वारा आहे, अण्णा," ती म्हणाली. "आता सावकाश लिहा."