हिरवी ज्योत

बडनेऱ्याचा सहदेव जुन्या फ्रिजचा मेकॅनिक. जो बाकीचे भंगारात काढायला सांगत, तो फ्रिज हा चालू करायचा आणि चारचौघांत मिरवायचाही. त्याची करामत ठरलेली. पाइपाजवळून झाळकामाची पेटती टॉर्च फिरवायची. ज्योत हिरवी झाली की गॅस तिथंच गळतो. उस्तादानं शिकवलेलं.

मेकॅनिकांच्या एका शिबिरात त्याला सांगितलं होतं, की हिरवी ज्योत म्हणजे गॅस जळून विष तयार होतंय. गॅस आधी सिलिंडरमध्ये ओढून घ्या. तो जाळायचा तर मोठ्या भट्टीत, निघणारा धूर धुऊन. घरात नाही.

"कागदावरचे मेकॅनिक!" म्हणत सहदेव चहा पिऊन निघून आला होता.

त्या दिवशी सकाळी अमरावतीत पार्बताबाईच्या फुलांच्या दुकानामागच्या खोलीत तो फ्रिजपाशी बसला. तिनं दार उघडलं.

"लाव वो ते! हवेनं ज्योत हालते. अन् इकडं ये, गंमत दाखवतो तुले."

पार्बताबाई वाकली. ज्योत हिरवीगार झाली.

"पाह्य! आहे कोनापाशी असं हुन्नर?"

तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"रोज उदबत्तीच्या धुरात बसतं, अन् एवढा सोसत नाही?" तो हसला.

संध्याकाळी तिला श्वास घेता येईना. कळताच दवाखान्यात सहदेवही पोचला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "छातीत काय गेलं यांच्या?"

नत्थुजी, तिचा नवरा, रागानं लाल झाला होता. "फवारा असन! दर्यापूरचा शेषराव झेंडूवर औषध मारते अन् तसाच पाठवते. थांब, त्याले फोनच लावतो!"

सहदेवची मान खाली. शेषरावावर जातंय, तर जाऊ दे, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं. मग डॉक्टरीणबाई नर्सला म्हणाल्या, "फवाऱ्याच्या विषावरचं इंजेक्शन तयार ठेवा."

"नोका देऊ," सहदेवचा आवाज फाटला. "फवारा नाही. फ्रिजचा जुना गॅस होता. टॉर्चनं जळला."

डॉक्टरीणबाई झर्रकन वळल्या. "मग फुप्फुसात पाणी भरू शकतं. ऑक्सिजन लावा, नजर ठेवा. खोलीचं दार उघडं होतं?"

"मीच लावाले लावलं."

"आणि या इतक्या जवळ कशा गेल्या?"

नत्थुजीनं कानाचा फोन खाली घेतला. सहदेवला वाटलं, यानं आता कानाखाली मारावी.

"मीच बोलावलं," सहदेव म्हणाला. "ज्योत दाखवाले."