इस्त्रीवाल्याचं कोल्ड्रिंक

लाँड्रीतला इस्त्रीवाला चहाला कधी शिवला नाही. दिवसभर वाफेत उभं राहणाऱ्या माणसाला वर आणखी गरम पाणी कशाला पाजता, असं तो विचारायचा आणि शेजारच्या दुकानातून काळ्या कोल्ड्रिंकची गार बाटली घेऊन यायचा. कामाला लागला त्याच उन्हाळ्यात तो भोवळ येऊन टेबलाखाली कोसळला होता. कपडे धुणाऱ्या म्हाताऱ्याने आपली बाटली आधी त्याच्या मानेला लावली आणि मग तोंडाला. तेव्हापासून जी संगत जडली ती जडलीच.

लग्नाआधी सासरे लाँड्रीत चौकशीला आले. सोबतच्या कामगाराने मोकळ्या मनाने सांगितलं, पोरगा गुणी आहे, फक्त बाटलीवाचून त्याचं चालत नाही. सासरे तडक चालायला लागले. त्यांना रस्त्यातून परत आणून, समोर बसवून ती बाटली पाजली, तेव्हा कुठे लग्न झालं. बाबा तेव्हा तसेच निघून गेले असते तर बरं झालं असतं, असं बायको पुढे भांडणात हमखास म्हणायची.

भांडण एकाच गोष्टीचं. प्यायला नाही तर त्याचं डोकं ठणकायचं, प्यायला तर झोप यायची नाही. मधुमेह निघाला तेव्हा तिने घरात बाटली बंद केली. हा पठ्ठ्या लाँड्रीत, कुणी न्यायला न आलेल्या पडद्यांच्या गठ्ठ्यात लपवायला लागला. सुंभ जळला तरी पीळ जाईना. मग पाय सुजले आणि एके दिवशी दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, कारणं अनेक असतात. बायकोला एकच दिसत होतं.

आता रक्त मशीनवर धुऊन घ्यायचं आणि पाणीसुद्धा मोजून मापून प्यायचं. दवाखान्यातल्या खाटेवरून तो रोज बाटली मागायचा. मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याला फक्त तिचं उत्तर ऐकायचं असायचं.

"आधी बरे व्हा," ती म्हणायची, "मग अख्खी पेटी आणून ठेवते उशाशी."

एवढं ऐकलं की त्याला धीर यायचा. डॉक्टरांचं बोलणं गोलगोल, मुलगी उगीच हसरी. पण बायको अजून नाही म्हणतेय, म्हणजे आपण बरे होणार. तिच्या नकाराइतका भरवसा त्याला कशाचाच वाटत नव्हता.

मग त्याच्या हृदयाला मशीन सोसेना. डॉक्टरांनी मायलेकींना बाहेर बोलावलं. दोघी आत आल्या त्या तोंड धुऊन. बायको म्हणाली, मशीन थोडे दिवस बंद ठेवणार आहेत, घरी चला. त्याला बरंच वाटलं. मुलीने डोळ्यांत पाणी आणायचं नाही, शेजाऱ्यांनी लांब चेहरा करून बसायचं नाही, हे सगळं तिने आधीच बजावून ठेवलेलं होतं. बिचारीने सगळीकडून दारं लावून घेतली होती, एक तेवढं राहून गेलं.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या खाटेशी आली. हातात काळ्या कोल्ड्रिंकची गार बाटली होती.

"मी मागितली नव्हती आज," तो म्हणाला.

"मग काय झालं? घ्या थोडी. घसा कोरडा पडला असेल."

तो बाटलीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. इतके दिवस कुणी त्याला धड सांगितलं नव्हतं. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. त्याला भीती वाटली, आणि तिची कीवही आली. शेवटी तरी नवऱ्याला सुख द्यावं म्हणून ती स्वतः दुकानात गेली असणार.

"अगं," तो म्हणाला, "एकदा नाही म्हण ना."

तिने तोंड उघडलं. उभ्या जन्मात तिला हा शब्द कधी जड गेला नव्हता. आता तो काही केल्या बाहेर पडेना. तिने झाकण फिरवलं, पेला भरला आणि त्याच्या मानेखाली हात घालून ओठांना लावला.

तो थांबत थांबत प्यायला. निदान बस झालं असं तरी ती म्हणेल, म्हणून दर घोटाला तिच्या तोंडाकडे बघत होता. ती म्हणाली नाही.