काकूंच्या मापाची रायफल

आमच्या शेजारच्या काकू इतक्या बुटक्या होत्या की ओट्यावरच्या कपाटातला डबा काढायला त्यांना स्टूल लागायचं, आणि त्याच घरात जिन्याखालच्या लोखंडी कपाटात त्यांची रायफल असायची. इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या मराठी मंडळात त्यांना 'बंदूकवाल्या काकू' म्हणत. कपाटाची चावी कुठे आहे हे नवऱ्यालाही ठाऊक नसावं, असा इथला कायदाच आहे. "संसारात एवढा एकच कायदा माझ्या बाजूचा निघाला न," असं त्या काकांदेखत सांगायच्या. काका चहा पीत राहायचे.

नागपूरला कॉलेजात त्या कॅडेट होत्या. पॉइंट टू-टू रायफलीवर बक्षिसं मिळवलेली. लग्न झालं आणि रायफल सुटली. साठीला आल्यावर त्यांनी इथल्या नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं, पोलिसांची परवानगी मिळवली आणि नवी रायफल घेतली. त्यांना एकच हवं होतं, क्लबच्या टीममध्ये जागा. वसंतात निवड होती, आणि नव्या रायफलीच्या गोळ्या निशाणाच्या कागदावर सांडलेल्या तांदळासारख्या पडत होत्या.

क्लबातले सगळे सल्ले देत. काकू सगळ्यांचं ऐकून घेत आणि दर गुरुवारी एकच गोष्ट बदलून जात. "सगळं एकदम बदललं तर औषध कोणतं लागू पडलं, ते कसं कळणार?" आधी त्यांनी नळीतलं कारखान्याचं ग्रीस पुसून काढलं. मग लाकडी दस्त्याचे स्क्रू तपासले. एक ढिला निघाला, तो घट्ट केल्यावर थोडा फरक पडला. मग चार तऱ्हेची काडतुसं आणून पाहिली. रायफलीला सगळ्यांत स्वस्तातली मानवली, याचा काकूंना कोण आनंद! तरी काही गोळ्या भरकटतच.

शेवटी क्लबचा सेक्रेटरी गोडीत म्हणाला, "नो रश, डिअर. देअर्ज ऑल्वेज नेक्स्ट यिअर." इंग्रज माणूस असं बोलला की आपलं नाव वगळलं समजायचं, हे इतक्या वर्षांत त्यांना कळलं होतं.

शनिवारी मी डोकावले, तर रिकामी रायफल घेऊन त्या हॉलमध्ये चटईवर पालथ्या पडल्या होत्या. मी सहज विचारलं, "काकू, मान एवढी का ताणताय?"

"अशीच धरतात. आमच्या उस्तादांनी शिकवलं होतं," त्या म्हणाल्या आणि बोलता बोलता थांबल्या. कॉलेजातल्या रायफली उंच जवानांच्या मापाच्या होत्या. ही नवीही कुणा उंच गोऱ्यासाठीच बनवलेली, दस्ता काकूंना लांब पडणारा. डोळा नेमाच्या भोकापर्यंत पुढे न्यायचा म्हणजे मान ताणायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाजवळ पेन्सिलीने रेघ मारली. काका घाबरले. "अगं, नवीकोरी आहे न ती. तूच थोडं अॅडजस्ट कर."

"मीच करत आले न आजवर," काकू म्हणाल्या, आणि काकांनाच दस्ता धरायला लावून त्यांनी करवत चालवली. दोन बोटं लाकूड निघालं. मागचा रबरी तुकडा पुन्हा बसवला आणि काकांना झाडू दिला.

पुढच्या गुरुवारी सगळ्या गोळ्या बोराएवढ्या जागेत बसल्या. टीममध्ये शेवटचं नाव त्यांचं लागलं. त्या मोसमात टीम सपाटून हरली, पण काकू फोनवर ज्याला त्याला 'जय भीम' म्हणून झालं की निवडीचीच बातमी सांगायच्या.

मागच्या वर्षी काकांच्या तब्येतीमुळे दोघं नागपूरला परतली. रायफल नेणं शक्य नव्हतं, म्हणून ती क्लबला दिली. निरोप घेताना मी रडले, त्या नाही. "एखाद्या गुरुवारी जाऊन तर पाहा न," एवढंच म्हणाल्या.

मीही पाच फुटांच्या आतलीच. गेले. तीच रायफल घेऊन चटईवर पालथी पडले, आणि गाल लाकडाला आपसूक टेकला. ऑफिसच्या खुर्चीपासून ओव्हरकोटापर्यंत, या देशात पहिल्यांदाच काहीतरी माझ्या मापाचं मिळालं होतं. काकूंची इतकी आठवण आली की समोरचा कागद दिसेना. पहिली गोळी सोडायला मला फार वेळ लागला.